चिलापी तोंड उघडेल तेव्हा

२७ एप्रिल

सविताने त्या दिवशी तोंडात सात करवंदं धरली होती. आठवीचा वर्ग, हजेरीची वेळ. सिस्टर फिलोमिना नाव घ्यायच्या आणि जिचं नाव तिने उभं राहून ‘प्रेझेंट, सिस्टर’ म्हणायचं. ‘सविता ओव्हाळ’ झालं तशी ही उभी राहिली आणि नुसतीच बघत राहिली. दोन्ही गाल टम्म. सिस्टरांनी तीनदा विचारलं. चौथ्यांदा तिला बाहेर जास्वंदीच्या कुंपणापाशी उभं केलं, थेट मधल्या सुट्टीपर्यंत. तिने ती ना थुंकली, ना गिळली. सुट्टीत मी धावत गेले तर तिने सातही ओंजळीत काढली, युनिफॉर्मला पुसली आणि चार मला दिली. म्हणाली, “बेडशाहून तुझ्यासाठीच आणलीत. गिळली असती तर तुला काय दिलं असतं?”

मी ती तिथेच उभ्याउभ्या खाल्ली. पन्नास वर्षं झाली. त्यानंतर बाजारातून आणलेल्या एकाही करवंदाला तशी चव नव्हती.

आज हे आठवलं, कारण आता मीही तोंड मिटून बसले आहे. तीन दिवसांपूर्वी तळेगावच्या दवाखान्यात माझ्या घशातली गाठ काढली. वाटाण्याएवढी होती. तुकडा तपासणीला पाठवला आहे. दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असा घशाच्या डॉक्टरांचा हुकूम. चौतीस वर्षं ज्या आवाजात मुलींना कविता शिकवल्या त्याला सक्तीची रजा.

माझी नात अम्मारा बाजारातून पाटी-पेन्सिल घेऊन आली. आणि ही वही. म्हणाली, “दादी, पाटीवरचं पुसलं जाईल. जे पुसायचं नाही ते यात लिही.”

३० एप्रिल

उमर, माझा मुलगा, कारखान्यातून आला तो खुशीत. तळेगावच्या मेहरूनखालांनी आपल्या भाच्यासाठी अम्माराला मागणी घातली आहे. सोहेल नाव. इंजिनिअर आहे, घर बरं आहे, मुलगा निर्व्यसनी. उमर म्हणाला, “अम्मी, तुझा घसा सुटला की साखर घालून टाकू.”

आमच्या घराण्याची ही रीत आहे. मागणी कोणीही घालो, बैठक कुठेही होवो, घरातली सर्वांत मोठी बाई मुलीच्या तोंडात, मग ती लेक असो की होणारी सून, चिमूटभर साखर घालून मोठ्याने ‘बात पक्की’ म्हणेपर्यंत काहीही पक्कं नसतं. आणि एकदा म्हटलं की ते कोणाच्या बापाला मागे घेता येत नाही. सासूबाई गेल्यापासून ती मोठी बाई मी आहे.

जेवणानंतर अम्मारा माझ्या खोलीत आली आणि दार लावून रडली. तिने मला न सांगता कोचीनच्या मत्स्यशास्त्राच्या अभ्यासक्रमाची परीक्षा दिली आहे. दोन वर्षांचा अभ्यास, तिथेच राहायचं. यादी मेच्या शेवटी लागणार. “अब्बांना आत्ता सांगितलं तर ते लगेच साखर आणतील. एकदा पक्कं झालं की पाठवायचं की नाही ते सासर ठरवणार. दादी, यादी लागेपर्यंत थांबव ना त्यांना.”

मी पाटीवर लिहिलं: ‘नाव येईल?’

“येईल.”

या पोरीला चार वर्षांची असल्यापासून आमच्या टाकीतल्या माशांसमोरून उठवायला लागायचं.

मला एकोणीस पूर्ण होत होती. पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला प्रवेश मिळाल्याचं पत्र माझ्या कपाटात होतं आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या हाताची साखर माझ्या तोंडात. बोलायला तोंड उघडलं, तर त्यांना वाटलं मी अजून साखर मागते आहे. त्यांनी घातली. सगळे हसले. मी गिळली. पुढे शिकले ती पोस्टाने, बीए, बीएड, रडतखडत. माझा नवरा अल्लाउद्दीन फार चांगला माणूस निघाला, ती गोष्ट वेगळी. ते पत्र काही त्याच्या चांगुलपणाने परत आलं नाही.

५ मे

अम्मारा सोबत आली होती. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. म्हणाले, “जखम भरली आहे. आजपासून थोडं थोडं बोला. दिवसाला दहा मिनिटं, मग वाढवा. आणि तपासणीचा रिपोर्ट अजून यायचा आहे, आम्ही फोन करू. तो टाळू नका.”

फॉर्मवर मी माझाच नंबर लिहिला होता. प्रत्येक ठिकाणी मुलाचा नंबर द्यायला मी काय शाळकरी मुलगी आहे?

येताना रिक्षात मी बोलायचा विचार केला. काय बोलावं पहिलं? बिस्मिल्ला म्हणावं, की अम्माराचं नाव घ्यावं? विचार करता करता आमची भांगरवाडी आली. दारात उमर उभा होता. “काय म्हणाले डॉक्टर?”

मी पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं: ‘अजून चार आठवडे.’

अम्मारा माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने खाली वाकून चपलेचा पट्टा उगाच दोनदा घट्ट केला.

सिस्टर फिलोमिना असत्या तर ‘मी खोटं बोलणार नाही’ शंभर वेळा लिहायला लावलं असतं. लिहिलं असतं, सिस्टर. आणि पाटीवर पुन्हा हेच.

६ मे

आज टाकीत लग्न लागलं.

आमच्या टाकीतले मासे म्हणजे चिलापी. लोक घरात सोनेरी मासे ठेवतात, आम्ही कालवणाचा मासा ठेवतो, म्हणून शेजारीपाजारी हसतात. हसू देत. सव्वीस वर्षांपूर्वी अल्लाउद्दीन वडिवळ्याच्या धरणावर गळ टाकायला गेला होता आणि एक मादी बादलीत घालून घेऊन आला. मी सुरी घेऊन बसले, तिला हातात धरलं, तर तिच्या तोंडातून जिरे सांडावेत तशी पिल्लं बाहेर पडली. बादलीच्या पाण्यात. जिवंत. मी सुरी धुऊन ठेवली. “आज वरण-भात,” म्हटलं. त्याने काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या बाजारातून काच आणून टाकी जोडायला घेतली. त्या बादलीतल्या पिल्लांची ही कितवी पिढी, ते मोजायचं आम्ही कधीच सोडलं. तो जाऊन सहा वर्षं झाली.

सकाळपासून नर काळाकुट्ट झाला होता. गळा पांढरा, परांच्या कडा लाल, नवरदेवच. तोंडाने वाळू उचलून बाजूला टाकत त्याने परातीएवढा खड्डा केला. मग मादीसमोर थरथरून थरथरून नाचला. ती दोनदा निघून गेली. तिसऱ्यांदा खड्ड्यावर आली, वाळूला पोट टेकवून फिरली, आणि पिवळसर अंडी पडली. ती पडल्या पडल्या वळून तिने ती तोंडात भरली. पुन्हा फिरली, पुन्हा भरली. मग नराच्या पोटाशी तोंड नेलं. त्याच्याकडून घ्यायचं तेही तोंडातच घेतलं. पाऊण तासात सगळं संपलं. नराने नंतर वळूनही पाहिलं नाही, उलट तिला हाकलायला लागला. मी मधली काच सरकवली.

आता लोणावळ्याच्या गार पाण्यात साधारण तीन आठवडे ती काही खाणार नाही. अंडी तोंडात, मग पिल्लं तोंडात. चूळ भरल्यासारखा जबडा सतत हलवत राहील, म्हणजे सगळ्या अंड्यांना ताजं पाणी मिळतं. फार घाबरली तर मात्र गिळते. पहिल्यांदाच आई होणारी तर हटकून गिळते.

ही तिसऱ्यांदा आई होते आहे. तिला माहीत आहे.

१० मे

मेहरूनखाला येऊन गेल्या. सोबत एक किलो पेढे. बाई तशी मनाने चांगली, फक्त घाईची.

“अहो, साखर घालायला आवाज कशाला हवा? हात चालतात ना तुमचे?”

मी लिहिलं: ‘शब्द बोलावा लागतो.’

“मग मान हलवा.”

‘मान हलवून आमच्यात म्हैस विकतात.’

उमरने ते वाचलं आणि खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. तो हसत होता. आईचा मुलगा आहे, विसरतो मधूनमधून.

मेहरूनखाला जाताना म्हणाल्या, “बरं, एक जूनला येतो. तोवर चार आठवडे होतात. बकरी ईदच्या आधी होऊन जाईल.” आणि माझ्या तोंडाजवळ पेढा आणला. मी तो हातात घेतला. गिळताना थोडं टोचतं आहे अजून. जखम ओली असेल.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. सविता बेडशाहून खिरीचा डबा घेऊन आली. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून पस्तीस वर्षं काढून ती गेल्याच्या गेल्या वर्षी गावी राहायला गेली. शेततळं खणलंय, पेरू लावलेत, आणि सगळ्या गावाचा रक्तदाब हिच्या वहीत.

आम्ही दार लावून घेतलं. सगळी हकीकत लिहिता लिहिता पाटी चार वेळा पुसली. ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. “उम्मे, पासष्टीला आलीस आणि आत्ता कुठे सिस्टरांचं ऐकेनाशी झालीस होय?” मग म्हणाली, “माझ्यासमोर तरी बोल ना गं. दोन शब्द.”

मी मान हलवली. नाही. सविताला दोन शब्द दिले की अम्माराला चार द्यावेसे वाटतील, मग नसीमला, म्हणजे माझ्या सुनेला. नसीमच्या पोटात काही राहत नाही, बिचारीच्या.

खीर मी हळूहळू खाल्ली. सविता बघत होती. अचानक उठली आणि माझ्या मानेला हात लावला, जबड्याखाली, दोन्ही बाजूंनी. डाव्या बाजूला बोटं थांबली. मला गुदगुल्या झाल्या. तिने हात काढला आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

“रिपोर्ट आला का गं?”

‘फोन करणार आहेत.’

“आला की त्याच दिवशी मला कळव. त्याच दिवशी. ऐकलंस?”

नर्स होती ना, हुकमत जात नाही. बसपर्यंत सोडायला गेले तर बराच वेळ माझा हात धरून उभी होती. बेडशाला काय, आता निघाली तर तासात पोचेल. म्हातारपणी माणूस उगाच हळवं होतं.

१६ मे

अनर्थ होता होता वाचला. अर्धा झालाच.

विठाबाई आमच्याकडे सतरा वर्षं धुण्याभांड्याला आहेत. गेले तीन दिवस त्या टाकीपाशी थांबून बघत होत्या. “बाई, ही मासळी कायबी खाईना बगा. अन् गालफाडं कशी सुजल्यात. गालगुंड झालंया तिला.” मी पाटीवर लिहिलं होतं, पण विठाबाईंना वाचता येत नाही आणि मला ते दर वेळी विसरायला होतं. मी हातवाऱ्यांनी सांगितलं. त्यांना वाटलं, मी माझ्या घशाचं सांगते आहे.

आज मेहरूनखाला पुन्हा आल्या होत्या, बैठकीत उमरबरोबर तारखेचं बोलणं चाललं होतं. मी पाण्याचा पेला घ्यायला आत गेले तर मागच्या पडवीत, टाकीपाशी, विठाबाई. चिलापी बादलीत. बादलीतलं पाणी पिवळंजर्द. आणि विठाबाई ओल्या फडक्यात हळद-मीठ घेऊन तिच्या गालाला लावायला वाकलेल्या.

माझ्या घशापर्यंत ओरड आली. ‘विठाबाई!’ एवढंच. एवढं म्हटलं असतं तर त्या थांबल्या असत्या. आणि बैठकीतली दोघं उठून आली असती.

मी पाटी जमिनीवर आपटली.

तिचे दोन तुकडे झाले. विठाबाई दचकल्या, मासळी हातातून बादलीत पडली आणि तिच्या तोंडातून पिल्लं उसळली. अंडी राहिली नव्हती, शेपट्या फुटलेली पिल्लं होती, पोटाला पिवळी पिशवी घेऊन. मी बादलीत हात घातला. उमर दारात येऊन विचारत होता, “अम्मी, काय झालं? पडलीस का?” मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पातेल्याने पाण्यासकट पिल्लं टाकीत ओतली, मग तिला सोडलं.

ती एका कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, कल्ले धापा टाकल्यासारखे. मला वाटलं, संपलं. मग तिने तोंड उघडलं आणि एकेक करून उचलायला लागली. जी तळाशी निपचित पडली होती ती सोडून दिली. बाकीची सगळी आत घेतली.

विठाबाई जमिनीवर बसून रडत होत्या. “म्या चांगल्यापायी केलं वो बाई. मला कुटं ठावं, तोंडात पोरं ठिवती म्हून! आन् तुमी तरी दोन सबूद बोलायचं हुतं. दोगी बी तोंड मिटून बसल्या, म्या गरिबानं काय समजायचं?”

मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांच्या हातांची हळद माझ्या पदराला पुसली. सव्वीस मेलेली मोजली. विठाबाईंची चूक नाही. माझी आहे. दोन शब्द मी वाचवले आणि सव्वीस जीव त्याला लागले.

तरीही बोलले नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, उद्या स्वतःलाच वेगळं सांगायला नको.

२० मे

पाटीऐवजी आता अम्माराचा पांढरा फळा वापरते.

दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा उमर शेजारी बसलेला. मी उचलून बोलणार काय? मुकी बाई फोनवर ‘हॅलो’ म्हणाली तर सगळंच उघडं पडेल. बंद केला. नंतर मेसेज आला: ‘रिपोर्टसंदर्भात लवकरात लवकर येऊन भेटावे. शक्यतो घरच्यांना सोबत आणावे.’

घरच्यांना कशाला? काही कागदावर सही हवी असेल. आणि घरचे सोबत आले की डॉक्टर सगळ्यांत आधी विचारणार, बोलायला लागलात का? एक जून होऊ दे. गाठ तर काढली आहे, रिपोर्ट काही पळून जात नाही.

२४ मे

अम्मारा कॉलेजची शेवटची परीक्षा देऊन पुण्याहून आली. “दादी, किती वाळलीस! आणि रिपोर्टचं काय?” मी लिहिलं, ‘होईल.’ तिला आत्ता यादीशिवाय काही सुचत नाही, बरंच आहे.

खरं सांगायचं तर जेवण नको वाटतं. घट्ट काही खाल्लं की अडकतं. नसीम पेज करून देते. चिलापीपण बारीक झाली आहे, डोकं मोठं आणि अंग चिंचोळं. पण हनुवटीखालच्या पातळ कातडीतून आता काळे ठिपके दिसतात. डोळे. इतके सगळे डोळे आतून बाहेर बघत असतील.

गंमत म्हणून आज सगळे कामावर गेल्यावर न्हाणीघरात नळ सोडून हलकेच बोलून पाहिलं. स्वतःचं नाव. काहीतरी घोगरं निघालं. न वापरल्यामुळे असणार.

२७ मे

सुटली!

सकाळी साडेनऊला ती खड्ड्याच्या काठावर आली, डोकं खाली केलं आणि तोंड उघडलं. धूर निघावा तशी पिल्लं बाहेर. एकसष्ट. अम्मारा आणि मी तीनदा मोजली. तेवढ्यात विठाबाई सूप घेऊन पडवीत आल्या, सावली पडली, आणि एका क्षणात सगळी एकसष्ट परत तोंडात! विठाबाई सूप टाकून म्हणाल्या, “आगं बाबौ! पिशवीगत तोंड हाय का काय?” आणि टाकीला हात जोडले. “मापी कर गं माये.”

असं आता काही दिवस चालेल. भीती वाटली की आत. मग एक दिवस पिल्लं येतील आणि आई तोंड उघडणार नाही.

२८ मे

यादीत नाव आहे. अकरावं. शिष्यवृत्तीसकट. दहा जूनला हजर व्हायचं.

अम्मारा म्हणाली, “आता अब्बांना सांगू?” मी नकारार्थी मान हलवली. बंद घरात सांगितलं तर ते घरातच दाबलं जाईल. प्रेमाने दाबतील, पण दाबतील. मला चारचौघं हवीत. आणि साखर.

१ जून

मेहरूनखाला, सोहेल, त्याचे वडील, आणखी दोघी. आमच्याकडून उमर, नसीम आणि मी बोलावलेली सविता. तबकात सासूबाईंची चांदीची साखरदाणी. त्याच साखरदाणीतून माझ्या तोंडात साखर पडली होती.

मेहरूनखाला म्हणाल्या, “झाले बरं का चार आठवडे. आता फळा-बिळा काही चालणार नाही.”

मी उठले. साखर चिमटीत घेतली. अम्माराच्या तोंडात घातली. आणि बोलले.

पाच आठवड्यांनी चारचौघांत निघालेला तो आवाज माझा नव्हता. गंजलेली बिजागरी करकरावी तसा होता. पण शब्द सगळ्यांना कळले. मी म्हणाले, “अम्मारा उमर मुलाणी दहा तारखेला कोचीनला शिकायला जाणार. दोन वर्षं. बात पक्की.”

उमरचा चेहरा पांढरा पडला. तो रीत माझ्याइतकीच जाणतो. मेहरूनखाला म्हणाल्या, “अहो, पण साखर तर आमच्यासाठी आणली होती!” सोहेलने मात्र मान वर करून अम्माराला विचारलं, “कोणत्या माशांवर काम करणार?” चांगला मुलगा आहे. दोघांना दोन वर्षांनी वाटलं तर त्यांचं ते बघतील.

सगळे गेल्यावर उमर माझ्यासमोर येऊन बसला.

“मला आधी सांगितलं असतंस तर?”

“तू नाही म्हणाला असतास.”

त्याने थोडा विचार केला. “हो. म्हणालो असतो.” मग म्हणाला, “तुझा आवाज असा का येतोय? डॉक्टरांनी बोलायला कधी सांगितलं होतं, अम्मी? खरं सांग.”

“पाच मेला.”

तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने माझा फोन मागितला. दवाखान्याचे नऊ फोन होते, मला वाटलं होतं चार-पाच असतील. मेसेज त्याने दोनदा वाचला. दारात सविता उभी होती. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उमर म्हणाला, “उद्या सकाळी आपण तळेगावला जातोय.”

एवढी काय घाई आहे, म्हटलं.

३ जून

कॅन्सर आहे. स्वरयंत्राचा, आणि मानेच्या गाठीपर्यंत गेला आहे. हा शब्द लिहून झाला, आता पुन्हा लिहिणार नाही.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात बारा तारखेला ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जगण्याची आशा बरी आहे, म्हणाले. बोलण्याची नाही.

उमरने विचारलं, “पहिला फोन आला तेव्हाच आलो असतो तर?” डॉक्टर म्हणाले, “सांगता येत नाही. कदाचित.” उमरने टेबलावर डोकं टेकलं. मी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि उरलेल्या आवाजात सांगितलं की हा प्रश्न कोणालाही, स्वतःलासुद्धा, पुन्हा विचारायचा नाही. आवाज माझा होता. कुठे खर्च करायचा ते मी ठरवलं. एकोणिसाव्या वर्षी जो गिळला तो फुकट गेला. हा नाही गेला.

घरी येऊन मी एकटीने पडवीत बसून भरपूर रडले, हेही लिहिते.

५ जून

अम्मारा जाणार नाही म्हणते. बॅग उपसून कपडे परत कपाटात लावले. “माझ्यामुळे झालं. मी थांबणार. तुझं ऑपरेशन, तुझ्या गळ्यातली श्वासाची नळी, कोण बघणार?”

मी तिला टाकीपाशी नेलं. पिल्लं मोठी झाली आहेत, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लांब. मी काचेवर टिचकी मारली. सगळी घाबरून आईच्या तोंडाकडे धावली. तिने तोंड मिटून घेतलं. पिल्लं ओठांवर धडका देत राहिली. आई वळून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. पिल्लं थोडा वेळ घोटाळली आणि मग पांगून खायला लागली.

“किती दुष्ट,” अम्मारा म्हणाली.

“डोंबलाची दुष्ट,” मी म्हणाले. एवढी वाईट भाषा मी तिच्यासमोर कधी वापरली नव्हती. “आता आत बसत नाहीत ती. सगळीच गुदमरतील. ऊठ, बॅग भर.”

८ जून

गेली. पुणे स्टेशनवर गाडी हलेपर्यंत खिडकीतून हात सोडत नव्हती. मी सोडवला.

११ जून

उद्या पहाटे निघायचं. मी परत येणार आहे, हे सर्वांत आधी. पण येईन तेव्हा सांगता येणार नाही आणि फळ्यावर एवढं मावणार नाही, म्हणून कोणाला काय ते आजच लिहिते. उमर, हे पान तुझ्यासाठी.

एकसष्टांपैकी चाळीस पिल्लं सविताला, तिच्या शेततळ्यात. त्याच तळ्यात, प्लॅस्टिक अंथरलेल्या. ओढ्यात नाही, इंद्रायणीत नाही, धरणात तर अजिबात नाही. ही जात बाहेर सुटली की इथले मूळचे मासे उरत नाहीत, असं अम्माराने बजावलं आहे. बाकीची एकवीस आपल्याकडेच.

पिल्लांची आई विठाबाईंच्या ताब्यात. तिला दाणे त्याच घालतील, दुसरं कोणी नाही. स्वयंपाकघरातला हळदीचा डबा तेवढा वरच्या फळीवर ठेवा.

तुझ्या अब्बांचा गळ माळ्यावर आहे, तो तुझा. महिन्यातून एक रविवार कारखाना विसरून वडिवळ्याला जा. काही मिळालं नाही तरी बस.

माझी हिरवी शाल मेहरूनखालांना. त्यांची साखर मी वापरली, आणि त्या तरीही काल डबा घेऊन आल्या.

कवितांच्या वह्या शाळेला. मोठ्याने वाचायला सांगा, मनात नाही.

तुटलेल्या पाटीचे दोन तुकडे टाकीमागे आहेत, ते नसीमकडे. फेकू नको म्हणावं, तिच्या लेकीचा प्रवेश आहे तो.

फ्रिजमध्ये वाटीत करवंदं आहेत, या मोसमातली शेवटची. सात आहेत. चार सविताला द्या, तीन मी आज खाल्ली असती पण गिळवत नाहीत, तीही तिलाच. कुंपणापाशी उभी राहून खा म्हणावं.

साखरदाणी अम्माराची. पोस्टाने पाठवू नका, येईल तेव्हा नेईल. यापुढे तिच्या तोंडात साखर तिने स्वतःच्या हाताने घालायची, तिला हवी तेव्हा.

ऑपरेशननंतर ती परत यायला निघेल, ओळखते मी तिला. तिकीट काढून देऊ नका. तिला एवढंच लिहा: दादीने तोंड मिटून घेतलं आहे, आता पोहत राहा.